मारेम न्जाय स्वखुशीने कुठेही गेली नाही

मारेम न्जायचं घर आणि समुद्र यांच्या मध्ये एके काळी घरांच्या तीन रांगा होत्या. पहिली गेली तेव्हा ती परकरी पोर होती. दुसरी गेली तेव्हा तिचं थोरलं पोर अंगावर पीत होतं. तिसरी गेली त्याला चारेक वर्षं झाली, भर दुपारी, माणसं मशिदीत नमाजाला उभी असताना. अशा रीतीनं न्दार गावच्या, नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर चौथ्या रांगेतली मारेम काही न करता पहिल्या रांगेत आली. आमच्याकडे बढती मिळते ती अशी.

नदीत राहून गाव राखणाऱ्या म्हातारीचा कोप झाला म्हणून काही जण दही घेऊन निघाले, तिच्या नावानं पाण्यात ओतायला. मारेमनं त्यांना वाटेतच धरलं.

"म्हातारी इथलीच आहे रे! पणजोबांपासून आपलं दही खातेय. ती कशाला आपलंच गाव बुडवेल? आजीला बोल लावताना लाजा नाही वाटत?"

रेडिओवरचे साहेब सांगायचे, जग तापलं, पाणी तापून फुगलं, वर आलं. सांगायचे असं, की जणू ते आपलं आपणच तापलं. चुलीवर कुणी ठेवलं, ते कुणी बोलत नव्हतं. आमच्या गावात गाड्या म्हणाल तर घोड्याच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मारेमचा धंदा मासळीचा. होड्या आल्या की तारलीसारखी यबोय मासळी टोपलीनं घ्यायची, भाजायची, गरम असतानाच हातानं सोलायची, कारण गार झाली की साल निघत नाही, मग मीठ लावून वाळवायची. पस्तीस वर्षं तिनं हेच केलं आणि यावर चार पोरं वाढवली. आता मासळीही थंड पाणी शोधत उत्तरेकडे निघून गेली होती. पोरं दोन-दोन दिवस समुद्रात राहायची आणि अर्धी टोपली घेऊन यायची.

तिची थोरली बहीण उलिमाता तिसऱ्या रांगेत राहायची. घर गेल्यावर तिला सरकारनं बारा किलोमीटर आत, खारवट माळावर, प्लास्टिकच्या तंबूत नेलं. सहा महिन्यांसाठी, असं सांगून. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात, भर उन्हात, ती तंबूतच मेली. कागदावर लिहिलं, वृद्धापकाळ. बाई एकसष्ट वर्षांची होती आणि आदल्याच आठवड्यात नातीच्या बारशाला सगळ्यांच्या वरताण नाचली होती. त्या 'वृद्धापकाळ'ची मारेमला इतकी चीड आली, की चाळीस दिवस ती धड कुणाशी बोलली नाही.

अशात सरकारी कचेरीतला मासाम्बा जोप चौथ्या रांगेची घरं रिकामी करायचे कागद घेऊन आला.

न्जाय आणि जोप या दोन आडनावांचं पिढीजात थट्टेचं नातं. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, हावरट म्हणायचं, आणि राग धरायचा नाही. मयताच्या घरीसुद्धा. आणि थट्टेच्या नात्यातल्यानं काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही. मारेमची जीभ या कामात इतकी तिखट, की तिला ऐकायला बायका काम टाकून जमायच्या.

"ए न्जाय! ऊठ, मालक आलाय तुझा," मासाम्बा लांबूनच ओरडला. "भात कुठाय?"

बायका हसायच्या तयारीतच बसल्या. मारेमनं डोक्याचं फडकं नीट केलं.

"बसा, जोपसाहेब. काय काम काढलंत?"

शेजारच्या सुकेनाची सुरी माशातच थांबली. न्जायनं जोपाला साहेब म्हणायचं म्हणजे तोंडावर दार लावायचं. मासाम्बा कसनुसं हसला.

"साहेब? ताप आलाय का गं तुला?"

"नाही, साहेब."

"मारेम, अगं शिवी दे. निदान भातचोर तरी म्हण!"

"चोराला चोर म्हणायला थट्टा कशाला हवी? कागद वाचा."

त्यानं वाचला. 'मी माझे राहते घर स्वखुशीने रिकामे करून छावणीत जात आहे.'

"स्वखुशीने खोडा."

"वरून छापून येतं गं ते. माझ्या हातात काय आहे?"

"उलिमाताच्या कागदावरही हेच होतं. तुम्हीच आणला होता." मग ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "आता न्जाय जोपाकडे मागतेय. उद्या दुपारी माझ्या बहिणीच्या तंबूत तासभर बस. एकटा. पडदा पाडून."

मासाम्बानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळ्या गावासमोर मागणं झालं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी बायका दोन घोडागाड्या भरून छावणीवर गेल्या. मासाम्बा इस्त्रीचा शर्ट घालून आत शिरला. पाऊण तासही झाला नसेल, तो गुडघ्यांवर रांगत बाहेर आला आणि वाळूत ओकला. एरवी जोपाची अशी फजिती म्हणजे आमच्या बायकांना वर्षभराची शिदोरी. पण कुणी हसलं नाही. मारेमनं त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"निघाला का हावरटपणा?" ती म्हणाली. "चल, आता तू पुन्हा आमचा जोप."

तिथंच वाळूत बसून त्यानं पेन काढलं आणि एकेचाळीस कागदांवरचं 'स्वखुशीने' खोडलं. बायकांनी धडाधड सह्या केल्या. मारेमनंही केली, कुराणशाळेत शिकलेल्या अरबी अक्षरांत, ठसठशीत.

लोकांना ही गोष्ट इथपर्यंतच आवडते. परगावचे पाहुणे आले की इथपर्यंतच सांगतात आणि चहाचे पेले फिरतात. मला ते खपत नाही. कारण आठव्या दिवशी मासाम्बाची बदली झाली. खोडाखोड चालत नाही म्हणून ते कागद रद्द झाले. नवा साहेब आला तो कुठल्या आडनावाचा कोण जाणे, न्जायशी त्याचं ना थट्टेचं नातं ना भांडणाचं. कोरे कागद, पुन्हा तोच शब्द. या खेपेला एकीनंही सही केली नाही.

सप्टेंबरात भरतीनं मारेमची पुढची भिंत नेली, मग भाजायच्या भट्ट्या, मग उरलेलं घर. जाणार कुठं? छावणीतच गेली. तिथं तांदूळ वाटताना कारकुनानं यादीतून तिचा कागद काढून वाचला, "मारेम न्जाय, स्वखुशीने." खाली निळ्या शाईचा अंगठा होता, छान, रेघारेघांचा.

मारेम तांदूळ न घेता, तो कागद त्याच्या हातून ओढून तशीच गाडीत बसली आणि कचेरीत जाऊन नव्या साहेबाच्या टेबलापुढे उभी राहिली.

"हा अंगठा माझा?"

"तुमच्या नावाखाली आहे, म्हणजे तुमचाच, आजी."

"मला सही येते. बरं, ते राहू द्या. आणा शाई."

कटकट मिटेल म्हणून साहेबानं शाईची डबी पुढं सरकवली. तिनं उजवा अंगठा उठवला. मग डावा. मग एकेक करत उरलेली आठ बोटं. टेबलावरच्या कोऱ्या कागदावर दहा निळे डाग पडले, सपाट, गुळगुळीत. एकातही रेघ नव्हती. पस्तीस वर्षं गरम मासळी सोलून बोटांवर रेघ उरणार कुठून?

"यातला कुठला त्या कागदावरचा?" मारेम एवढ्या मोठ्यानं ओरडली, की बाहेरची रांग दारात आली. "घर समुद्रानं नेलं. बहीण तुमच्या तंबूनं मारली. आणि खुशी माझी? सांगा ना, कुठला?"

साहेबानं दोन्ही कागद उचलून खणात टाकले, खण लावला, आणि म्हणाला, "पुढचा कोण?"