पट्टा दाखव

गेल्या शनिवारी मी मारुती मंदिराजवळच्या सायकलच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, अंबाडा सोडला… आणि तोही नवऱ्याच्या हुकमावरून! नवरा कुठे, तर बोटीवर. भर समुद्रात.

थांबा, सुरुवातीपासून सांगते.

पन्नाशीला आल्यावर मला सायकलचं खूळ लागलं. आम्ही पाच बायका रोज सकाळी भाट्याच्या पुलापर्यंत जातो, वारा खातो, गप्पा मारतो आणि परत येतो. त्या रविवारी मात्र थेट पावस गावापर्यंत जायचं ठरलं होतं. आठवडाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आमचे हे बोटीवर सारंग आहेत, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. फोनवर पावसचं सांगितलं तर एकच म्हणाले… "खुशाल जा, पण डोक्यावर सेफ्टीच्या शिक्क्याचं हेल्मेट हवं. आणि ते नीट बसलंय हे मला दिसलं पाहिजे."

आता मला हवं होतं एअरो हेल्मेट. आमच्यातल्या प्राचीकडे आहे तसं… गुळगुळीत, भोकं कमी, वारा म्हणे त्यावरून सर्रकन निघून जातो. माझा स्पीड असा की रस्त्यातल्या म्हशी मला ओव्हरटेक करतात, पण हौस ती हौस!

आधी ऑनलाइन मागवलं. चकचकीत, अगदी फोटोतल्यासारखं. आतून बघितलं, बाहेरून बघितलं, शिक्क्याचा कुठे पत्ता नाही. "परत पाठव," हे म्हणाले. "तोवर आपलं स्कूटरचं घाल, त्यावर आयएसआय आहे." घातलं बाई एक दिवस. पुलावर पोचेपर्यंत घामाने आंघोळ झाली, आणि मागून आलेल्या एसटीचा हॉर्नसुद्धा धड ऐकू आला नाही.

म्हणून शनिवारी दुकान गाठलं. दुकानदार भला माणूस. त्याने एक हेल्मेट उलटं करून आतलं लेबल दाखवलं… सायकलसाठीच तपासलेलं, सेफ्टीचा शिक्का असलेलं. "वहिनी, एअरोला भोकं कमी, आपल्या हवेत घाम जास्त येणार हां," असंही सांगून टाकलं. पण रंग अबोली होता हो! मी कसली ऐकतेय.

घातलं… आणि ते अंबाड्यावर जाऊन बसलं, पातेल्यावर लहान झाकण ठेवावं तसं. मी आपलं ठरवून टाकलं की छान बसलंय. तेवढ्यात यांचा व्हिडिओ कॉल. हल्ली बोटीवर नेट असतं, त्याचे हे भोग!

"पट्टा दाखव." दाखवला. "मान हलव." हलवली… हेल्मेट सरळ नाकावर! दुकानदार तोंड फिरवून हसायला लागला.

"अगो, तो अंबाडा सोड आधी."

"अहो, दुकान आहे हे! लोक बघतायत."

"बघू देत. नाहीतर पावसला नको जाऊस."

असा राग आला म्हणून सांगू! तणतणत पिना काढल्या, तोंडात धरल्या, आणि मानेजवळ सैलशी वेणी घातली. मग मात्र हेल्मेट अलगद भुवयांपर्यंत खाली आलं. मागचं घट्ट करायचं चक्र फिरवलं, हनुवटीखाली पट्टा लावला. गदागदा मान हलवली तरी जागचं हललं नाही.

आता शाबासकी मिळेल म्हणून बघते तर पलीकडे सगळं शांत. वाटलं, नेट गेलं. पण गेलं नव्हतं… हे नुसते बघत होते. मग हळूच म्हणाले, "वेणी… किती वर्षांनी घातलीस गो."

दुकानदार एकदम कुठल्यातरी सायकलीत हवा भरायला निघून गेला.

घरी आल्यावर मी पुन्हा फोन लावला. भांडायलाच लावला होता. म्हटलं, मी काय तुमची खलाशी आहे, एवढी ऑर्डर सोडायला?  तर म्हणाले, "तुला तिकडे काय झालं तर मला कळेल गो, पण येता नाही यायचं. किनारा लागेपर्यंत नुसतं कठड्याला धरून उभं राहायचं."

माझं भांडण तिथेच विरलं. कारण लग्न झाल्यापासून मी नेमकी तशीच तर उभी आहे… स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून. टीव्हीवर वादळाची बातमी लागली की, यांचा फोन दोन-दोन दिवस लागला नाही की. विचारलं तर यांचं ठरलेलं उत्तर, "मला काय होतंय!" ही भीती यांनाही वाटू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खरं सांगते, खूप माया दाटून आली.

म्हटलं, "मग यापुढे तुम्हीपण पट्टा दाखवायचा." हसले. "मला काय होतंय!" म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी निघण्याआधी मी फोटो पाठवला. वेणी, अबोली हेल्मेट, घट्ट पट्टा. पावसला जाऊन आले! वाटेतला गोळपचा चढ चक्क सायकल ढकलत चढले, उतरताना ब्रेक धरून धरून हात भरून आले. हेल्मेटने वारा कापला की नाही, देव जाणे. घाम मात्र दुकानदार म्हणाला तसा धो-धो आला.

परतताना भाट्याच्या पुलावर फोन वाजला. मेसेज होता… यांचा फोटो. पिवळं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा, चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा गंभीर. खाली लिहिलं होतं, "मान हलवून बघितली. घट्ट आहे."

पुलाच्या कठड्याला टेकून मी बघतच राहिले. समोर सगळा समुद्र, आणि त्यात कुठेतरी हे. बाकीच्या पुढे जाऊन ओरडायला लागल्या, चल गो, ऊन चढलं!

म्हटलं, थांबा गो जरा… पट्टा बघतेय.