सात आखूड, एक लांब

घनश्याम कापगते नापास झाला, हे एकोडीत सगळ्यात आधी त्याच्या बायकोला कळलं, आणि तेही त्याच्या तोंडून नाही. मुंबईहून आणलेली त्याची पिशवी धुवायला काढताना रुखमिणीच्या हाती एक हिंदी पुस्तिका लागली. सायक्लोस्टाइल केलेली, ग्रीसचे डाग पडलेली. तिच्यात घडी घातलेला एक कागद होता. कागद सगळा इंग्रजीत, पण खाली कोणीतरी लाल पेनानं लिहिलं होतं, 'अनुत्तीर्ण. एक मौका और.'

रुखमिणीचं माहेर आंधळगावचं. सातवीपर्यंत शिकलेली. हिंदी तिला सहज वाचता येई. कागद हातात घेऊनच ती अंगणात आली. घनश्याम म्हशीला पाणी पाजत होता.

"काय जी, हे काय होय?"

"काई नाई. कागद आहे."

"कागद तं मलेही दिसून राहिला. त्याच्यावर काय लिवलं तेही दिसून राहिलं."

घनश्यामनं म्हशीच्या पाठीवर उगाच दोनदा हात फिरवला आणि मग सगळं सांगितलं.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची. भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेला घनश्याम दोन वर्षांपासून एका ठेकेदाराकडे होता. मुंबईहून हेलिकॉप्टरनं तासभर आत, भर समुद्रात, तेलाच्या विहिरींवर लोखंडाचे मजले उभे केलेले असत. तिथं तो जोडकाम करी. दीड महिना पाण्यावर, तीन आठवडे घरी. पण आता नियम निघाला होता. सुरक्षेचं चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन त्यात पास झाल्याशिवाय कोणालाही हेलिकॉप्टरमध्ये पाय ठेवता येणार नव्हता. आग, धूर, जखमी माणूस, आणि उंचावरून पाण्यात उडी, असं सगळं त्यात होतं.

"मंग तुमी कशात नापास झाले?"

"उडीत."

रुखमिणीला हसू आवरेना. एकोडीच्या तलावात हा माणूस चालायच्या आधी पोहायला शिकला असं सासूबाई सांगत. "पाण्यात? तुमी?"

"पाण्यात नाई वं. उडी मारन्यात. मी मुंडकं खाली करून सूर मारला. मास्तर म्हणे, अंगात ते फुगीर जाकीट असलं अन् दहा माणूस उंचीवरून असा सूर मारला, तं मान मोडते. पोहता येणारेच आधी नापास होतात म्हणे." त्यानं म्हशीसमोरची बादली उचलली. "अन् दुसऱ्या गोष्टीतही झालो. भोंगा वाजला का सगळं सोडून आपापल्या जागेवर जाऊन उभं राहाचं. मी जिकडं धूर दिसला तिकडं धावलो."

हे ऐकून रुखमिणीचं हसू थांबलं. कारण तो का धावला हे तिला पुरतं ठाऊक होतं. आंधळगावला तिच्या चुलतबहिणीच्या लग्नात मांडवानं पेट घेतला होता. सगळे पाहुणे बाहेर पळाले, आणि वऱ्हाडातला एक उंच, किडकिडीत मुलगा खांबावर चढून छपराची जळती ताटवं उपसून फेकत राहिला. त्याच मुलाचं स्थळ पुढं तिला सांगून आलं, तेव्हा तिनं बापाला दुसऱ्यांदा विचारूही दिलं नव्हतं.

ती त्या दुपारी पुस्तिका घेऊन ओसरीवर बसली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. संध्याकाळी भाकरी वाढताना म्हणाली, "उद्यापासून तालीम. मी घेतो."

तालमीची सगळी व्यवस्था तिनं घरातल्याच वस्तूंनी केली. भोंग्याच्या जागी काशाची थाळी. सात वेळा झटपट ठोकायची आणि आठव्यांदा थाळी हवेत धरून तिचा नाद विरेपर्यंत थांबायचं. सात आखूड, एक लांब. हा इशारा ऐकला की घनश्यामनं हातातलं काम थांबवायचं, चालू असेल ते बंद करायचं, न धावता ओसरीच्या कोपऱ्यातल्या खांबाशी यायचं. खांबाला खिळा होता. त्याला आपल्या नावाची लाकडी चकती अडकवायची आणि नाव पुकारेपर्यंत तिथंच उभं राहायचं.

थाळी कधी वाजेल याचा नेम नसे. घनश्याम दाढी करत असला, गोठ्यात असला, जेवायला बसला असला, तरी थाळी वाजे. एकदा तो तोंडाला साबण लावूनच खांबाशी येऊन उभा राहिला. सासूबाई, चंद्रभागाबाई, जात्यावरून ओरडल्या, "रुखमे, माझ्या पोराले सरकशीत धाडतं का वं?"

उडीसाठी तलाव होताच. पाणी सोडायच्या तुडुमावर दगडी चौथरा होता, पाण्यापासून दोन पुरुष उंच. जाकिटाचा प्रश्न डोमानं सोडवला. डोमा तलावात मासे धरायचा. त्याच्याकडे वाळलेले मोठे भोपळे होते, तरंगायला घ्यायचे. त्यानं एक पुढं, एक मागं, असे दोन भोपळे घनश्यामच्या अंगाला दोरीनं आवळले.

"वहिनी, हा बुडनार तं नाई," डोमा म्हणाला. "पण दिसते भारी."

तलावाच्या पाळीवर धुणं धुणाऱ्या बायका काम सोडून उभ्या राहिल्या. रुखमिणी पुस्तिका उघडून चौथऱ्याच्या पायरीवर बसली आणि मोठ्यानं वाचू लागली. खाली पाहून घ्या. एका हातानं नाक-तोंड दाबा. दुसरा हात त्यावरून नेऊन जाकीट घट्ट धरा. पाय जुळवा. नजर समोर. एक पाऊल पुढं टाका.

घनश्याम चौथऱ्याच्या कडेला गेला, पाणी पाहिलं, आणि लहानपणापासूनची सवय आडवी आली. हात वर गेले, डोकं खाली, सूर. पुढचा भोपळा असा उसळून हनुवटीवर आदळला की त्याला दोन दिवस भाकरी चावता आली नाही.

"आता समजलं मान कशी मोडते ते?" रुखमिणीनं विचारलं.

"समजलं," तो हनुवटी धरून म्हणाला.

आठव्या दिवशी त्याची उडी सरळ पडली, खांब टाकावा तशी. पाण्यात पडल्यावर गुडघे पोटाशी घेऊन, हात न मारता, नुसतं तरंगत राहायचं असं पुस्तिकेत होतं. हे त्याला उडीपेक्षा अवघड गेलं. डोमानं त्याच्या भोवती डोंग्यातून दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "बदकासारखा दिसून राहिला बा तू." तरी तो हलला नाही.

राहिली दुसरी गोष्ट. रुखमिणीनं सासूबाईंना आधीच सांगून ठेवलं. दुपारी थाळी वाजली. घनश्याम खांबाकडे निघाला, आणि त्याच वेळी गोठ्यामागच्या धानाच्या पेंढ्याच्या ढिगाकडून चंद्रभागाबाईंची आरोळी आली, "घनशाम! तनस पेटलं रे! माय मेली रे!"

त्यानं वाटेतली बादली उचलली आणि तो गोठ्यामागं धावला. तिथं चंद्रभागाबाई पदरानं तोंड झाकून हसत उभ्या होत्या.

तो परत आला तेव्हा रुखमिणी मात्र हसत नव्हती. "तुमी मेले," ती म्हणाली. "तुमची चकती खिळ्याले नाई, म्हणून तुमाले शोधाले दोघं गेले. तेही मेले."

"आई ओरडली तरी जाऊ नको?"

"नाई."

"मंग मी मानूसच नाई राहिलो." त्यानं बादली खाली आपटली. "हे मले जमनार नाई, रुखमिणे. मी तसा नाई."

तो तसा नाही हे तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ज्या एका गुणावर आपण याला होकार दिला, तोच गुण आपण याच्यातून काढायला बसलोय, हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. ती पुस्तिका घेऊन चुलीशी जाऊन बसली. पानं चाळता चाळता एका ओळीवर तिची नजर थांबली. ही ओळ तिनं आधी दहादा वाचली होती, पण लक्षात घेतली नव्हती. 'जो देखा हो, वह अपने स्थान पर पहुँचकर तुरंत बताएँ.'

ती बाहेर आली. "हे पाहा. मदत करू नका असं याच्यात कोठीच नाई. पयले जागेवर जाचं अन् सांगाचं. कोन, कोठी, किती वेळ झाला. ज्याइच्या तोंडाले धुरातले मास्क आहेत ते जातीन. तुमचं काम सांगाचं. तेही कामच होय."

घनश्यामनं पुस्तिका हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली. दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाई पुन्हा ओरडल्या. तो खांबाशी आला, चकती अडकवली. गोठ्याकडे मान वळवली नाही. म्हणाला, "चंद्रभागाबाई कापगते. गोठ्यामागं, तनसाजवळ. आता ओरडली."

"बरोबर," रुखमिणी म्हणाली आणि घरात गेली. तिला रडू आलं होतं.

महिनाअखेरीला तो पास झाला. मास्तर नौदलातून निवृत्त झालेले, कडक गृहस्थ. त्यांनी विचारलं, महिनाभरात हे कुठं शिकलास? घनश्यामनं सांगितलं, घरी. त्यांना ती चेष्टा वाटली.

पुढची दोन वर्षं चांगली गेली. पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात मात्र घनश्याम ठरल्या तारखेच्या चार दिवस आधी घरी आला. अंगावर ओरखडाही नव्हता, पण तो बोलेना. ताटातलं अन्न चिवडून उठे. रुखमिणीनं आठ दिवस विचारलं नाही. धानाची कापणी चालू झाली. शेतातल्या बांधीत दोघं पेंढ्या बांधत असताना तोच आपण होऊन बोलला.

तिथं आग लागली होती. भर दुपारी कुठंतरी गॅस सुटला, भडका उडाला. घनश्याम खालच्या मजल्यावर कठडा जोडत होता. सात आखूड, एक लांब भोंगा झाला. त्यानं वेल्डिंगचा सेट बंद केला आणि जिन्याला लागला. तेवढ्यात पंपांच्या मागच्या पेंटच्या कोठडीतून हाक आली. सुखरामची. सुखराम फिटर होता, आमगावकडचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. दोघं एका खोलीत राहत, एका डब्यातलं लोणचं खात.

"त्यानं मले नावानं हाक मारली. 'घनश्याम' म्हणून. माझा पाय जिन्यावरून मागं वळला होता, रुखमिणे. पण मी वर गेलो. चकती लावली. सांगितलं, सुखराम, फिटर, पंपाच्या मागं, पेंटच्या कोठडीत, दोन मिनिटं झाले. मास्क घातलेले चौघं नीट तठीच गेले. घेऊन आले त्याले. डावा हात कोपरापर्यंत जळला. जिवंत आहे."

"मंग?"

"मंग काय? तो मले बोलवून राहिला होता, अन् मी पाठ फिरवली."

रुखमिणीच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "तुमी गेले असते तं दोघाइले शोधा लागलं असतं."

"हे पुस्तकातलं झालं."

"हो, पुस्तकातलंच झालं. मलेही दुसरं सुचत नाई." ती बांधावर बसली. "पण वर जाले मी शिकवलं तुमाले. दोष द्याचा असंन तं मले द्या. एकटे नोका घेऊ."

तो तिच्याजवळ येऊन बसला.

पंधरा दिवसांनी सुखरामचं पोस्टकार्ड आलं. त्याच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती, दोघांनी यावंच. घनश्याम म्हणाला, मी नाही येत. रुखमिणीनं धुतलेला सदरा त्याच्या हातात दिला. साकोलीहून गोंदियाची बस, पुढं रेल्वे, पुढं दोन कोस पायी.

सुखराम अंगणातच उभा होता. त्याच्या डाव्या हाताची कातडी नवी, गुलाबी, ताणलेली दिसत होती. त्याची आई मालनबाई पाय धुवायला पाणी घेऊन आली. मंडईचे पाहुणे घरात भरले होते, रस्त्यावर पाळण्यांचा आणि फुग्यांचा गलका चालला होता. सगळे जेवायला बसले, तरी घनश्यामनं घासाला हात लावला नाही.

"सुखराम," तो एकदम म्हणाला, "तू मले हाक मारली, अन् मी आलो नाई."

सुखरामनं त्याच्याकडे पाहिलं.

"अरे, मी बोलवाले हाक मारली नाई तुले! 'घनश्याम, इकडं येऊ नको' असं ओरडून राहिलो होतो. आग समोरच होती. धूर घशात गेला, पुढचं निघालंच नाई तोंडातून." तो हसला. "तुह्या नावावरच अटकलो बे."

घनश्यामनं मान खाली घातली, आणि त्याचे खांदे हलू लागले. मालनबाई पुढं झाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

रुखमिणी सुखरामच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होती. हे खरं की मित्राचं मन राखायला आत्ता सुचलेलं, तिला काही कळेना. सुखरामची नजर तिच्याशी भिडली आणि पटकन ताटाकडे वळली. तिनं विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही.

"माय," घनश्याम डोळे पुसून मालनबाईला म्हणाला, "थोडे वडे वाढ वं. भूक लागली."

मालनबाई परात घेऊन आली. तिनं त्याच्या ताटात चार वडे टाकले, मग आणखी दोन.