पहिली काच की दुसरी?

भाऊजींना गिऱ्हाइकं खात्रीभाऊ म्हणतात. चष्म्याचा नंबर काढताना ते एक काच लावतात, दुसरी लावतात, "ही बरी की ही?" विचारतात आणि उत्तर मिळालं की पुन्हा पहिली लावतात. "एकदा खात्री करून घेऊ." लोक वैतागतात. मागच्या खोलीत काचा घासणारा मी तर रोजच वैतागतो. पण दुकान दोघांचं आणि ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे गप्प बसतो.

ताईला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून भाऊजी दुपारचा डबा भिंतीकडे तोंड करून खातात. ते मला बघवत नव्हतं. म्हणून शाळेतल्या ग्रंथपालबाई चष्म्याच्या दांडीचा स्क्रू घट्ट करून घ्यायला वरचेवर येऊ लागल्या, तेव्हा मीच खूश झालो. बाईंचं पहिलं लग्न फार वर्षांपूर्वी मोडलेलं. "भाऊजी," मी म्हणायचो, "स्क्रू नक्की कुणाचा ढिला झालाय?" भाऊजी कानापर्यंत लाल व्हायचे. पुढे लग्न ठरलं, तरी बाईंचा स्क्रू काही घट्ट राहीना.

लग्न ठरताच भाऊजींच्या अंगात खात्री संचारली. लॅबमध्ये जाऊन असतील नसतील तेवढ्या तपासण्या करून आले. साखर ठीक, बाकी सगळं ठीक आणि हर्पीस, टाइप दोन, पॉझिटिव्ह. आपण नागीण म्हणतो ती ही नव्हे. हा शरीरसंबंधातून होणारा आजार, नको तिथे फोड आणणारा. भाऊजींना तसलं कधी काही झालेलं नव्हतं.

रिपोर्ट माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या मनात आधी ताईच आली आणि मी खेकसलो, "म्हणजे काय, माझ्या बहिणीनं दिला?"

"मी असं म्हटलं का?"

"मग आला कुठून?"

"अरे, तेच तर कळत नाही! तिच्याशिवाय माझ्या आयुष्यात कोण होतं?"

दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या लॅबमध्ये गेले. तिथला रिपोर्ट आला निगेटिव्ह. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण भाऊजींची झोप उडाली ती उडालीच. एक म्हणतो आहे, एक म्हणतो नाही, धरायचं कुणाचं? गिऱ्हाईक "पहिली, पहिली" म्हणत असायचं आणि हे काच हातात घेऊन नुसते उभे. स्वतःचा चहाचा कप वेगळा ठेवायला लागले. मी मुद्दाम त्यातलाच घोट घेतला तर अंगावर धावून आले.

शेवटी मीच त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट बघितले. "कप सुखानं वापरा, त्यानं काही होत नाही. पहिल्या रिपोर्टातला आकडा रेषेच्या जेमतेम वर आहे. काही त्रास नसताना असे काठावरचे पॉझिटिव्ह पुष्कळदा खोटे निघतात. आपण वेगळ्या पद्धतीची, जास्त भरवशाची तपासणी करू. रक्त बाहेर पाठवावं लागेल, थोडं थांबा. आणि असलाच, तरी कधी झाला, कुणाकडून झाला, हे रक्त सांगत नाही."

थांबा म्हणणं सोपं. घरी येताना मी त्यांना शहाणपण शिकवलं. "बाईंना निगेटिव्ह तेवढा दाखवा. दुसरा टाका फाडून."

"गिऱ्हाइकाला आवडली म्हणून चुकीची काच देतो का मी?"

"आणि त्यांनी लग्न मोडलं तर?"

भाऊजी रस्त्यातच थांबले. "मोडलं तर मोडलं," म्हणाले आणि घराचं वळण सोडून सरळच चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. दुकान बंद होतं. मी मागे मशीन बंद करून बसलो होतो. पडदा पातळ, त्याला मी काय करणार? भाऊजींनी दोन्ही रिपोर्ट काउंटरवर ठेवले आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. बाईंनी दोन्ही कागद उचलून वाचले.

"मला आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हेच. पहिल्या नवऱ्याकडून. पंधराएक वर्षं झाली. फोड यायचे, आता क्वचित येतात." मग रडत रडत हसल्या. "अहो, तुम्हाला काय वाटलं, या चष्म्याचा स्क्रू इतक्यांदा ढिला होतो? दर वेळी सांगायचं ठरवून यायचे. तुम्ही मान वर केलीत की चष्माच काढून द्यायचे."

त्या दिवशी दोघंही हलके होऊन गेले. सारखंच दुखणं, सारखीच लाज.

आणि मग तिसरा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "पहिला खोटाच होता. तुम्हाला काही नाही."

मी टाळी द्यायला हात पुढे केला. ताईच्या नावावरचं मळभ गेलं म्हणून माझे डोळे भरून आले होते. भाऊजींनी टाळी दिली नाही. खुर्चीत बसले. "आता तिला कसं सांगू? परवाच म्हणाली, आता मी एकटी नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पुढे केलेला हात कुठे ठेवावा कळेना.

संध्याकाळी बाई आल्या. भाऊजींनी तिसरा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी वाचला, घडी घातली. "बरं झालं," म्हणाल्या. "मनापासून सांगते, बरं झालं. तुम्ही मोकळे झालात." मग सवयीनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "जरा स्क्रू बघता?"

भाऊजींनी चष्मा घेतला. दांडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग काउंटरच्या बाहेर येऊन त्यांनी तो दोन्ही हातांनी बाईंच्या डोळ्यांवर चढवला.

"घट्ट आहे," ते म्हणाले. "सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, आपल्या दोघांची. काळजी कशी घ्यायची, गोळ्या कुठल्या, सगळं विचारू. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण लग्नाची तारीख तीच."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "नक्की?"

भाऊजींनी पुन्हा विचारलं नाही, पुन्हा तपासलं नाही. "नक्की," म्हणाले.