मावशींना रातव्याची भीती वाटायची

शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक इस्लापूरच्या पलीकडं, सागाच्या जंगलाला लागून असलेल्या एका छोट्या गावात झाली. नवरा लातूरला नोकरीला. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे निघायचा. मला सातवा महिना लागला होता. आई नांदेडला बोलावत होती, पण परीक्षा होईपर्यंत थांबते, असं मीच तिला कळवलं होतं.

दिवस मावळला की घरामागच्या माळावर रातवा बोलायचा. फरशीवर गोटी सोडली की ती टपटप उड्या मारत शेवटी थरथरून थांबते, अगदी तसा आवाज. मला तो आवडायचा. पाखरू मात्र दिसायचं नाही. वाळल्या पानांत बसलं की पान कुठलं आणि पाखरू कुठलं, काही कळायचं नाही.

शेजारच्या मावशींना मात्र तो आवाज सहन व्हायचा नाही. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत. पोटुशा बाईच्या घरामागं रातवा बोलला की तिला एकटं सोडू नये, असं त्यांना सासूनं सांगितलेलं. मी म्हटलं, आमचं बौद्धांचं घर, वडिलांनी आम्हाला असलं काही मानू दिलं नाही. त्या रागावल्या नाहीत.

"तू नको मानू पोरी," म्हणाल्या. "मी मानते. म्हणून मी येऊन बसते."

आणि त्या रोज यायला लागल्या. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. मग मीच त्यांची वाट बघू लागले. त्या भाकरी थापायच्या, मी त्यांना वर्गातल्या पोरांच्या गमती सांगायचे. नवरा नसलेल्या त्या संध्याकाळी मला कधी एकटं वाटलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. ऊन बाधलं असेल म्हणून शाळेतून आल्यावर मी पडूनच होते. मावशी आल्या. मी सहज सांगितलं की डोळ्यांपुढं काजवे चमकल्यासारखं होतंय, झोपले की बरं वाटेल. त्यांनी माझे पाय बघितले. टम्म सुजले होते. माळावर रातव्यानं नुकतीच सुरुवात केली होती.

"उठ, दवाखान्यात जायचं," त्या म्हणाल्या. "मला दुखण्यातलं काई कळत न्हाई. पण ते पाखरू बोलून राहिलंय अन् मला लई भ्या वाटून राहिलंय. माझ्यासाठी चल."

वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यांच्या समाधानासाठी म्हणून मी उठले. त्यांनी गावातल्या जीपवाल्याला जेवणावरून उठवून आणलं आणि वाटभर माझं डोकं मांडीवर धरून बसल्या. किनवटच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, लगेच इंजेक्शन दिलं आणि आम्हाला नांदेडला पाठवलं. तिथं ऑपरेशन करून लेक झाली. ओंजळीत मावेल एवढी. सकाळची वाट बघितली असती तर झटके आले असते, दोघींच्याही जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी नंतर माझ्या आईला सांगितलं.

लेक काचेच्या पेटीत होती तोवर मावशी गावी गेल्याच नाहीत. आईबरोबर दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपायच्या. एका सकाळी वडील त्यांच्याजवळ जाऊन बसले. शकुन-अपशकुनावरून त्यांनी जन्मभर लोकांशी वाद घातलेले. आता काय बोलतात याची मला धास्ती वाटली. त्यांनी हात जोडले.

"ताई, तुमच्यामुळं माझी लेक हाय."

"मी काय केलं दादा? पाखरानं सांगितलं, मी ऐकलं."

वडील उठले. त्यांच्यासाठी चहा घेऊन आले.

आता आम्ही लातूरला असतो. रातवा काही सांगतो असं मला आजही वाटत नाही. पण मावशींनी मला ते पटवायचा हट्ट कधी धरला नाही. आपली भीती आपल्याजवळ ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. याचं देणं फिटणारं नाही, आणि ते फिटावं असंही मला वाटत नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लातूरला करून घेतलं. महिनाभर त्या आमच्याकडं राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचं काम माझ्या लेकीनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.