सिनेमाबद्दल चार इंग्रजी वाक्यं

बाबा गेले आणि कलकत्त्यातल्या बेहालाच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तिघी उरलो, आई, ताई आणि मी. उन्हाळ्यापर्यंत क्वार्टर रिकामं करायचं होतं. ताईला नोकरी लागली तर एखादी खोली घेऊन कलकत्त्यातच राहायचं, नाहीतर साताऱ्याला काकांकडे. काकांनी तिथे ताईसाठी एक बिजवर पाहूनही ठेवला होता, दोन मुलांचा बाप.

एस्प्लनेडच्या एका कंपनीला रिसेप्शनिस्ट हवी होती. टायपिंगमध्ये ताई पास झाली, राहिली इंग्रजीची तोंडी परीक्षा. ओळखीचे एक मास्तरकाका होते, कलकत्त्यातच जन्मलेले, तिथल्याच शाळेत इंग्रजी शिकवलेले. ते म्हणाले, "हमखास सिनेमावर विचारतात. अलीकडे कुठला पाहिलास, कसा वाटला. सिनेमा न बघणारं माणूस या शहरात सापडायचं नाही."

आमच्या घरात सापडलं असतं. वर्षश्राद्ध व्हायचं होतं आणि तोवर सिनेमा नाही, गोडधोड नाही, रेडिओवर गाणी नाहीत, कुणाकडे जाणं-येणं नाही, असा आईचा दंडक. ताईने विचारून पाहिलं, "एकच मॅटिनी, परीक्षेपुरती?"

"लोक काय म्हणतील?" आई म्हणाली. अख्ख्या गल्लीत मराठी घर आमचं एकच. कुठले लोक, देव जाणे! मला इतका संताप आला की मी भरलं ताट तसंच ठेवून उठले.

शेवटी मास्तरकाकांनी तोड काढली. जुनाच सिनेमा घ्यायचा आणि मागच्या महिन्यात पाहिला म्हणून सांगायचं. ताईने बाबांनी आम्हाला दाखवलेला शेवटचा सिनेमा निवडला. प्लॉट, क्लायमॅक्स, सस्पेन्स, फोटोग्राफी, बॅकग्राउंड म्युझिक. पोळ्या लाटताना घोकंपट्टी, दिवे गेले की अंधारातही घोकंपट्टी. 'द अ‍ॅक्टिंग वॉज व्हेरी नॅचरल' हे वाक्य माझंसुद्धा पाठ झालं.

परीक्षेला समोर तिघे साहेब होते. ताई घडाघडा बोलली. एकाने मान डोलावली आणि सहज विचारलं, कुठे पाहिलात? बाबांनी आम्हाला जिथे नेलं होतं, त्या हॉलचं नाव तिने सांगितलं. तिघे एकमेकांकडे बघून हसायला लागले. कामगारांच्या संपामुळे त्या हॉलला दुर्गापूजेपासून कुलूप होतं. साऱ्या शहराला ते ठाऊक होतं, दुखवटा पाळत घरात बसलेल्या आम्हाला तेवढं नव्हतं. मास्तरकाकांनी तर हॉल कुठला ते विचारलंच नव्हतं.

ताई घरी आली ती तडक मोरीत गेली आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिली. मग बाहेर येऊन तिने सगळं सांगितलं.

"अगं, मग खरं सांगून टाकायचंस," आई म्हणाली. "वडील गेलेत, घरात वर्ष पाळतोय, म्हणून जुना सांगितला म्हणावं."

"सांगितलं ना," ताई म्हणाली. "त्यांना तेही खोटंच वाटलं. परत हसले."