बिबट्याच्या पटाची परवानगी

“चाचा, सही कुठंय? सही दाखवा आन् मग बोला.”

स्टुडिओवाला भाऊ खुर्चीत. आमचा सोंगट्यांचा पट खाली फरशीवर. माझे अब्बा गुडघे टेकून कापडाचा एकेक कोपरा चाचपत व्हते. सही न्हाई, हे त्यांना चांगलं ठाऊक. तरी शोधत व्हते. मोठ्या माणसानं सांगितलं की वाकायचं, ही आमच्या घराची जुनी खोड. कॅमेऱ्यावरची दोन पोरं तोंड दाबून हसत व्हती. मी दाराशी उभी.

आमी जुन्नरचे. अब्बा कापडावर सोंगट्यांचे पट रंगवतात. बाकीचे पट जुन्या पद्धतीचे, पण हा त्यांच्या स्वतःच्या डोक्यातला. डिंभे धरणाच्या पाण्यापासनं निघायचं, उसातनं वाट काढत घर गाठायचं. मधी बिबट्याच्या घरात सोंगटी पडली की मागं फिरायचं. त्या बिबट्याच्या डोळ्यांत अब्बांनी सुरमा घातलाय. असला बिबट्या दुसऱ्या कुणाला सुचंल का, सांगा.

पण पटावर नाव न्हाई. कधीच नसतं. अब्बांच्या नावात पैगंबरांचं नाव येतं. पट जमिनीवर अंथरतात, लोकांचे पाय लागतात, पोरं वर लोळतात. ते नाव पायाखाली कसं घालायचं? म्हणून आमच्या घरात कुणी पटावर सही करत न्हाई.

भाऊ निरगुडसरकडच्या बागायतदारांचा. नारायणगावात त्याचा स्टुडिओ. गावाकडच्या खेळांचे व्हिडिओ करतो, बघणारे लई. ईदला आमच्याकडं आला, शिरखुर्मा खाल्ला, पटाचं शूटिंग केलं. दाखवू का, असं विचारलंसुद्धा न्हाई. व्हिडिओत अब्बांचं नाव सांगतो, एवढं म्हणला. व्हिडिओ आला तर त्यावर जाहिराती, आन् बिबट्या म्हणे भाऊच्या डिझाईनचा! मागनं मी माझ्या छोट्या चॅनलवर तोच पट दाखवला, तर भाऊच्या तक्रारीवरनं व्हिडिओवाल्या कंपनीनं माझाच व्हिडिओ काढून टाकला. का, तर मी भाऊचं चित्र चोरलं. दुसराबी काढला. अजून एक तक्रार झाली की चॅनल बंद.

आन् त्या चॅनलवरच आमचं सगळं व्हतं. बाजारात हातानं रंगवलेला पट आता कोण घेतं? जे विचारायचे ते व्हिडिओ बघून. अब्बांचा हात थरथरायला लागलाय, अजून किती पट व्हतील देव जाणे. मी कंपनीला लिहून लिहून थकले. उत्तर दर वेळी तेच, आधी चित्र तुमचं असल्याचं सिद्ध करा. रात्री रडायची, सकाळी परत लिहायची. शेवटी अब्बांना घेऊन भाऊकडं गेले. हात जोडायलाच गेले व्हते.

अब्बा शोधून दमले. मग हळूच म्हणले, “नाव न्हाई लिहीत आमी.”

भाऊला वाटलं, गोष्ट मिटली. लई मोठ्या मनानं म्हणला, “परवानगी देतो की मी. तुमीबी दाखवा. फक्त खाली माझं नाव टाकायचं.”

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडावर ‘बरं’ आलं व्हतं. चॅनल वाचत व्हतं. तेवढ्यात अब्बांनी खालनंच मान वर केली.

“घे बेटा. देतायत तर घे.”

स्वतःच्या पटावर गुडघे टेकलेला माणूस, स्वतःचाच पट दाखवायची भीक घे म्हणत व्हता. मी अब्बांना दंडाला धरून उठवलं. पट गुंडाळला.

“परवानगी तुमी मागायची व्हती भाऊ,” मी म्हणलं. “आन् मी देत न्हाई.”

भाऊ हसला. आठवड्याच्या आत तिसरी तक्रार गेली. चॅनल बंद झालं. पट मागणाऱ्यांचे फोन थांबले. अब्बा माझ्याशी बोलत न्हाईत. घर वाचत व्हतं, तू बुडवलं, असं त्यांना वाटतं. वाटू दे. मलाबी कधी कधी तसंच वाटतं.

पण नवा पट मी रंगवलाय. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके म्हणजे माझ्या नावाची अक्षरं हायेत. माझं नाव साधं, त्यावर लोकांचे पाय पडले तरी चालतील. ते पुसायचं तर अख्खा बिबट्या पुसावा लागंल.

उद्या मी नारायणगावला जाणार. भाऊच्या स्टुडिओच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेवर, हा पट अंथरून बसणार. त्याचा व्हिडिओ खाली उतरंस्तोवर रोज बसणार. परवानगी न मागता.