व्हय म्हाराजा

माझ्या एम.ए.च्या तोंडी परीक्षेत मी एकूण चार वाक्यं बोलले. उरलेली परीक्षा माझ्या वडिलांनी आणि कुडाळजवळच्या आमच्या गावातल्या चौदा माणसांनी दिली.

टाळेबंदीचे दिवस होते. वर्ग लॅपटॉपवर भरत आणि त्याचं मला मुळीच दुःख नव्हतं. (वर्गातही मी कधी बोलत नसे. आता निदान 'नेटवर्क नाही' असं कारण सांगता येई.) माझ्या प्रबंधिकेचा विषयही मला शोभणारा होता: मराठी कथेतील मौन. अडचण होती ती तोंडी परीक्षेची. ती बुडाली की वर्ष बुडणार, आणि बोरिवलीच्या एका शाळेने निकालापर्यंत राखून ठेवलेली नोकरीही बुडणार.

दहिसरच्या आमच्या दोन खोल्यांत लॅपटॉपला नेट फक्त स्वयंपाकघरात, मोरीच्या दारापाशी मिळे. तिथे स्टुलावर लॅपटॉप आणि पाटावर मी. बाहेरच्या खोलीत बाबा. मध्ये दार नाही, पडदा.

"बाबा, अकरा ते साडेअकरा आवाज नको."

"माझो आवाज खंय मोठो आसा?" बाबा म्हणाले. ते समोरच्या इमारतीतही ऐकू गेलं असावं. मरोळच्या कारखान्यात पंचवीस वर्षं यंत्रांच्या वर आवाज चढवल्यामुळे त्यांची कुजबुजही भोंग्याच्या जातीची होती.

"पण गाऱ्हाणा तरी घालूक व्हया," ते म्हणाले. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली मागणी. एकाने ती मांडायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे 'व्हय' म्हणणारे आमचे चौदा नातेवाईक टाळेबंदीमुळे गावच्या घरात अडकले होते, म्हणून बाबा ते मोबाइलवर घालणार होते.

"मग दहाला घाला."

"दहाक थंय नेटवर्क नसता. हळू घालतंय गो."

माझा बारीक आवाज पोचावा म्हणून मी माइक होता तेवढा वाढवून ठेवला. एवढी एकच तांत्रिक गोष्ट मला येत होती, आणि तीच नडली.

अकरा वाजता समोर दोन चौकोन उघडले. एकात आमच्या मॅडम, दुसऱ्यात बाहेरून आलेले परीक्षक सर. नेट पुरावं म्हणून माझा कॅमेरा बंद होता.

"विषय थोडक्यात सांगा."

मी दोन वाक्यं बोलले आणि पडद्यामागून भोंगा झाला, "बा देवा म्हाराजा, आज आमच्या चेडवाची परीक्षा आसा. तिच्या तोंडाक वाचा फोड रे म्हाराजा."

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"शेजारी आहेत," मी म्हणाले. (तिसरं वाक्य, आणि तेही खोटं.)

मी पडदा सारून हात जोडले. बाबांनी आवाज खरोखरच खाली आणला, आयुष्यात पहिल्यांदा. पण मोबाइलचा स्पीकर तसाच राहिला. त्यात गावाहून उत्तर यायला सात-आठ सेकंद लागत होते. म्हणजे बाबांचं वाक्य संपून सरांचा प्रश्न सुरू व्हावा, आणि तो संपायला आणि उत्तर पोचायला एकच गाठ पडावी.

"संदर्भग्रंथ सगळे वाचलेत ना?"

"व्हय म्हाराजा!" चौदा गळे म्हणाले.

सर दचकले. "नुसतं हो म्हटलं तरी चालेल. बरं, यातला काही भाग इंटरनेटवरून उतरवलाय का?"

मी 'नाही सर' म्हणायला तोंड उघडलं.

"व्हय म्हाराजा!"

"सगळाच?"

"व्हय म्हाराजा!"

शांतता पसरली. मराठी कथेत इतकं खोल मौन मला कुठेही सापडलं नव्हतं.

"नीलम," मॅडम हळूच म्हणाल्या, "तू कबूल करते आहेस का? कॅमेरा सुरू कर पाहू."

मी कॅमेरा सुरू केला, आणि त्याच क्षणी पडदा सारून बाबा चौकोनात शिरले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये चौदा माणसं.

"सर, माफी असावी. ता उत्तर तुमका नव्हता, देवाक होता," म्हणत बाबा एकदम शुद्ध मराठीवर आले. "दुसऱ्याचं लिहिलेलं मागायला तरी तोंड उघडावं लागतं हो, आणि ही ते उघडत नाही. आठ महिने मोरीच्या दाराला पाठ लावून लिहीत बसली. आम्हाला आंघोळीसाठी अर्ज करावा लागायचा."

"खरं आहे हे?" सरांनी मला विचारलं.

"व्हय म्हाराजा!" मोबाइल म्हणाला.

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. हसू आवरून म्हणाले, "मग सांगा, तुमच्या शेवटच्या प्रकरणातल्या कथेत तो बाप शेवटपर्यंत गप्प का राहतो?"

"त्याच्या वतीने बोलणारं घरात कोणी नाही म्हणून," मी म्हणाले. ते चौथं वाक्य. त्यावर मी पास झाले. शाळाही मिळाली.

गेल्या वर्षी बाबा गेले. बाराव्या दिवशी गावच्या अंगणात माणसं जमली होती. थोरले काका म्हणाले, "नीलम, तू मास्तरीण. दोन शब्द बोल."

मी चार पानं लिहून नेली होती. कागद उघडला, मिटला, पुन्हा उघडला. माणसं थांबली. शेवटी काकाच म्हणाले, "आमचो भाव मोठ्या आवाजाचो, पण तेच्यापेक्षा मोठ्या मनाचो."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

दोन शब्द मागितले होते, दोनच दिले. फक्त ते सात-आठ सेकंद उशिरा पोचले, आणि या वेळी नेटवर्कचं कारण सांगता आलं नाही.